ओसाकात उतरा, टोकियोतून परता: दोघांसाठी जपानची भटकंती आणि ॲनिमे-मांगा खरेदी

जपानला निघालेली बहुतेक जोडपी टोकियोचं तिकीट काढतात, पहिल्या चार दिवसांतच तिथल्या अकिहाबारा या ॲनिमे-गेमच्या बाजारात बॅगा भरतात आणि मग त्या भरलेल्या बॅगा क्योतो-ओसाकाच्या जिन्यांवरून चढवत-उतरवत फिरतात. फिगरचं, म्हणजे ॲनिमे पात्राच्या छोट्या पुतळ्याचं, खोकं वजनाला हलकं असतं, पण जागा मात्र फार खातं. मांगाच्या, म्हणजे जपानी चित्रकथांच्या, पुस्तकांचं नेमकं उलट. दोन्ही घेतलं की बॅग आकारानेही हाताबाहेर जाते आणि वजनानेही. त्यामुळे पॉप कल्चरची खरेदी करायची असेल तर मार्ग उलटा धरावा. ओसाकाजवळच्या कानसाई विमानतळावर उतरायचं, ओसाका, क्योतो, नागोया करत टोकियोला पोहोचायचं आणि तिथल्या नारिता किंवा हानेदा विमानतळावरून परतायचं. जुन्या-नव्या मालाचा सर्वांत मोठा साठा टोकियोत आहे. तिथे पोहोचेपर्यंत दोन-तीन शहरांतले भाव तुम्हाला कळलेले असतात, आणि घेतलेलं सामान पुन्हा कुठल्या रेल्वेत चढवावं लागत नाही. एका शहरात उतरून दुसऱ्या शहरातून परतण्याचं तिकीट ‘मल्टी-सिटी’ पर्यायात शोधा. ते साध्या जाण्या-येण्याच्या तिकिटापेक्षा फार महाग पडतंच असं नाही, आणि ओसाकाला परत येण्याचं बुलेट ट्रेनचं भाडं वाचतं.

बारा रात्री हाताशी असतील तर वाटणी अशी करा: ओसाका तीन, क्योतो तीन, नागोया एक, टोकियो पाच. दहाच रात्री असतील तर नागोया गाळा आणि ओसाकाची एक रात्र कमी करा. टोकियोच्या रात्रींना हात लावू नका.

दिवसाची आखणी जपानी वेळापत्रकच करून देतं. क्योतोचं कियोमिझु-देरा पहाटे सहाला उघडतं, फुशिमी इनारी चोवीस तास खुलं असतं, आणि बहुतेक देवळं संध्याकाळी पाचच्या सुमारास दारं लावतात. हॉबीची दुकानं मात्र अकरा-बाराशिवाय उघडत नाहीत आणि रात्री आठपर्यंत चालतात. म्हणून सकाळ देवळांना, बागांना, किल्ल्यांना द्या आणि दुपारनंतरचा वेळ खरेदीला. एकाला देवळांत रस आणि दुसऱ्याला गुंडामच्या रोबोंमध्ये, असं असलं तरी कुणाला मन मारावं लागत नाही.

कधी जावं

दिवाळीच्या सुट्टीला लागून जाणं उत्तम. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत हवा कोरडी आणि थंड असते. क्योतोतले मेपल साधारण नोव्हेंबरच्या उत्तरार्धात रंगतात, पण तेव्हा हॉटेलंही महागतात. २९ एप्रिल ते ५ मे हा ‘गोल्डन वीक’, ऑगस्टच्या मध्याचा ओबोन हा पूर्वजांचा सण आणि २९ डिसेंबर ते ३ जानेवारी हे तिन्ही काळ टाळा. पहिल्या दोन काळांत अख्खा देश प्रवासाला निघालेला असतो आणि तिसऱ्यात बरीच दुकानं बंद असतात. मे महिन्यातच जायचं असेल तर ७ तारखेनंतर जा. जूनमध्ये पावसाळा सुरू होतो.

निघण्याआधीची कामं, याच क्रमाने

सर्वांत आधी निन्तेन्दो या गेम कंपनीचं म्युझियम. क्योतोजवळच्या उजी गावात ते २ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झालं. प्रवेश सोडतीने मिळतो आणि अर्ज तीन महिने आधीच्या महिन्यात करावा लागतो. त्यासाठी निन्तेन्दोचं खातं लागतं, ते आजच उघडून ठेवा. जोडप्याने दोन वेगवेगळे अर्ज न करता एकाच अर्जात दोन तिकिटं मागावीत. नाहीतर एकाचा नंबर लागतो आणि दुसरा बाहेर राहतो.

मग व्हिसा. १ एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांना पर्यटनासाठी ई-व्हिसा मिळतो. एकदाच प्रवेश आणि जास्तीत जास्त नव्वद दिवसांचा मुक्काम. अर्ज व्हीएफएस या व्हिसा-सेवा कंपनीच्या केंद्रातून जातो. आयकर विवरण, बँकेचं स्टेटमेंट, विमानाचं आरक्षण, हॉटेलांची यादी आणि दिवसागणिक कार्यक्रम जोडावा लागतो. कार्यक्रमातली हॉटेलं आणि आरक्षणातली हॉटेलं जुळली पाहिजेत. अर्ज इथेच अडतात. खर्च एकजण करणार असेल तर नातं दाखवणारा कागद जोडा. विमानतळावर ई-व्हिसाचं पान फोनवर इंटरनेटने उघडून दाखवावं लागतं. स्क्रीनशॉट किंवा छापील प्रत धरत नाहीत. म्हणून ई-सिम किंवा रोमिंग निघण्याआधीच चालू करून पाहा.

तिसरं, टोकियोजवळच्या मिताकातलं, जिब्ली या ॲनिमे चित्रपटांच्या स्टुडिओचं म्युझियम. दर महिन्याच्या १० तारखेला जपानच्या वेळेनुसार सकाळी दहाला पुढच्या महिन्याची तिकिटं खुली होतात. आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. तिकीट एक हजार येन. दारावर तिकीट मिळत नाही, आणि आरक्षण ज्याच्या नावावर आहे त्याने पासपोर्ट घेऊन हजर असावं लागतं. शनिवार-रविवारच्या वेळा भराभर संपतात. मंगळवार धरू नका, तो बहुधा सुट्टीचा वार असतो. नागोयाजवळचं जिब्ली पार्क निराळं आहे, नोव्हेंबर २०२२ मध्ये उघडलेलं. त्याचंही तिकीट आधीच काढावं लागतं आणि तेही मंगळवारी बंद असतं.

चौथं, हॉटेल. जोडपी इथे हमखास फसतात. जपानी बिझनेस हॉटेलांत ‘सेमी-डबल’ नावाची खोली स्वस्त दिसते. तिच्यातला पलंग साधारण १२० सेंटीमीटर रुंद असतो, म्हणजे एका माणसाला ऐसपैस आणि दोघांना अडचण. ‘डबल’ म्हणजे साधारण १४० सेंटीमीटर. ‘ट्विन’मध्ये दोन स्वतंत्र पलंग असतात आणि खोलीही थोडी मोठी मिळते. क्षेत्रफळ बघूनच आरक्षण करा. बारा-तेरा चौरस मीटरच्या खोलीत दोन मोठ्या बॅगा एकाच वेळी उघडता येत नाहीत. टोकियोत तरी अठरा चौरस मीटरच्या खाली जाऊ नका, कारण शेवटचं सगळं पॅकिंग त्याच खोलीत करायचं आहे. भाव खोलीचा आहे की माणशी आहे तेही नीट वाचा. क्योतोत निवासकर माणशी, दर रात्री, वेगळा भरावा लागतो.

पाचवं, कार्डं. भारतीय कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या ॲपमधून ते चालू करा, मर्यादा वाढवा आणि दोघांची कार्डं वेगवेगळ्या बँकांची ठेवा. सेव्हन-इलेव्हन दुकानांतल्या एटीएममधून परदेशी कार्डावर येन निघतात. दोघांनी मिळून वीस-तीस हजार येन रोख नेले की पहिले दोन-तीन दिवस निभतात.

शेवटी ‘व्हिजिट जपान वेब’ या जपान सरकारच्या संकेतस्थळावर दोघांचीही माहिती भरून क्यूआर कोड तयार ठेवा. सामानात ताजी फळं आणि मांसाचे पदार्थ नकोत. हापूसची पेटी जपानी मित्राला द्यायची हौस असेल तरी ती विमानतळावरच काढून घेतली जाईल. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं आणि त्यावर तिथे कडक नियम आहेत, तेव्हा घरचा औषधांचा डबा तपासूनच बॅगेत टाका.

ओसाका: नजर बसवण्याचं शहर

कानसाई विमानतळावरून नानकाई कंपनीची साधी एअरपोर्ट एक्स्प्रेस पाऊण तासात नांबाला पोहोचवते, भाडं साधारण हजार येन. मुक्काम नांबाच्या आसपासच घ्या. विमानतळावरच प्रत्येकी एक इकोका, म्हणजे रेल्वे-बसला टॅप करायचं पैसे भरलेलं कार्ड, घ्या, दोन हजार येनला. त्यातले पाचशे अनामत असतात. एका कार्डावर दोघांना फाटकातून जाता येत नाही. हेच कार्ड टोकियोतही चालतं, पण अनामत फक्त पश्चिम जपानच्या जेआर (जपान रेल्वे) स्थानकांवर परत मिळते. तुम्ही टोकियोतून परतणार असल्याने ती सोडून द्या आणि उरलेली रक्कम शेवटच्या दिवशी एखाद्या कॉम्बिनीत (चोवीस तास उघड्या छोट्या दुकानात) खाऊ-पिऊ घेऊन संपवा. आणखी एक: कार्ड एका शहराच्या परिसरात चालतं. ओसाकात टॅप करून टोकियोत बाहेर पडता येत नाही, बुलेट ट्रेनचं तिकीट वेगळं लागतं.

पहिल्या दिवशी नांबापासून दहा मिनिटं चालत निप्पोनबाशीच्या देन-देन टाऊनमध्ये जा. साकाईसुजी या मोठ्या रस्त्याच्या पश्चिमेला समांतर जाणारा ओता रोड हा इथला खरा बाजार. जुन्या फिगर, कार्डं, गेम, गाशापोन (नाणी टाकली की प्लास्टिकच्या गोळ्यातून खेळणं देणारी यंत्रं) असं सगळं आहे, आणि अकिहाबारापेक्षा गर्दी कमी. इथे खरेदीपेक्षा भाव टिपण्यावर भर द्या. तुमच्या यादीतली प्रत्येक वस्तू नवी कितीला, वापरलेली कितीला आणि खोकं चेपलेलं असेल तर कितीला, हे फोनमध्ये लिहून ठेवा. एखादी जुनी, पुन्हा न निघणारी चीज योग्य भावात दिसली तर मात्र थांबू नका. वापरलेल्या मालात एकच नग असतो आणि परत आल्यावर तो तिथे असेल याची खात्री नसते.

उमेदाच्या दाइमारू दुकानाच्या तेराव्या मजल्यावर पोकेमॉन सेंटर आणि निन्तेन्दो ओसाका एकाच ठिकाणी आहेत. शिन्साइबाशीच्या अमेरिकामुरात मांदाराके या जुन्या मांगा-फिगर विकणाऱ्या साखळीचं मोठं दुकान आहे. पाहण्यासारखं म्हणाल तर ओसाकाचा किल्ला बाहेरून सुंदर आहे, आतली इमारत काँक्रीटची आणि संग्रहालयासारखी. खरा जुना लाकडी किल्ला बघायचा तर जलद लोकलने तासाभरावर असलेल्या हिमेजीला जा. त्याचा मुख्य मनोरा १६०९ मध्ये पूर्ण झाला आणि आजही तोच उभा आहे. युनिव्हर्सल स्टुडिओला पूर्ण दिवस जातो. दोघांनाही मारिओचं वेड असेल तरच तो द्या. तिथल्या सुपर निन्तेन्दो वर्ल्डमध्ये गर्दीच्या दिवशी वेळेचा पास लागतो आणि तो आत शिरल्याशिवाय पार्कच्या ॲपवर घेता येत नाही. म्हणून उघडण्याच्या तासभर आधी दाराशी रांगेत असावं.

क्योतो आणि नागोया

ओसाकाहून क्योतोला साध्या जलद लोकलने अर्धा तास लागतो, बुलेट ट्रेनची गरज नाही. एक सकाळ फुशिमी इनारीला द्या. जेआर नारा मार्गावरचं इनारी स्थानक क्योतोपासून दुसरंच आहे. साडेसहाच्या आत पोहोचलात तर तोरींच्या (लाल कमानींच्या) रांगेत दोघांचे फोटो दुसऱ्या माणसांशिवाय निघतात, आठनंतर ते जमणं कठीण. तिथून त्याच मार्गावर पुढे उजी. तिथलं ब्योदोइन मंदिर दहा येनच्या नाण्यावर कोरलेलं आहे. सोडतीत नाव लागलं असेल तर दुपारी निन्तेन्दो म्युझियम. हा क्योतोतला सर्वांत जुळून येणारा दिवस आहे.

दुसऱ्या सकाळी सहाला कियोमिझु-देरा, मग उतारावरच्या गल्ल्यांतून गिओन. गिओनच्या खासगी गल्ल्यांत पर्यटकांना मनाई आहे आणि दहा हजार येन दंडाचे फलक लावलेले आहेत. गेइशांच्या मागे कॅमेरा घेऊन धावू नका. दुपारी शिजो-कावारामाचीच्या ताकाशिमाया संकुलातलं निन्तेन्दो क्योतो आणि कारासुमा-ओइके स्थानकाजवळचं मांगा म्युझियम. हे म्युझियम जुन्या शाळेच्या इमारतीत आहे, भिंतीभर लावलेल्या मांगा काढून हिरवळीवर बसून वाचता येतात. क्योतोच्या शहर बसचा पूर्वीचा एक दिवसाचा पास आता मिळत नाही. भुयारी रेल्वे आणि बस मिळून ११०० येनचा पास आहे. मोठ्या बॅगा घेऊन बसमध्ये चढू नका, इतरांना फार त्रास होतो.

क्योतो सोडण्याच्या आदल्या दिवशीच हॉटेलच्या काउंटरवर ‘ताक्क्युबिन’ सांगा. काळ्या मांजरीच्या खुणेची यामातो कंपनी सर्वांत सोयीची. मोठी बॅग थेट टोकियोच्या हॉटेलवर साधारणपणे दुसऱ्या दिवशी पोहोचते. दर आकारानुसार असतो, मोठ्या बॅगेला दोन ते तीन हजार येनच्या घरात. फॉर्मवर टोकियोच्या हॉटेलचं नाव, फोन, चेक-इनची तारीख आणि आरक्षण ज्याच्या नावावर आहे तेच नाव लिहा. नाव वेगळं पडलं तर हॉटेलवाल्यांना बॅग कुणाची ते कळत नाही. पासपोर्ट, औषधं, पॉवर बँक आणि दोन दिवसांचे कपडे पाठीवरच्या बॅगेत ठेवा.

असे हलके होऊन नागोयाला उतरलात की ओसुचा बाजार मजेत पाहता येतो. ओसु कान्नोन देवळाला लागून छताखालच्या गल्ल्या आहेत. त्यांत मांदाराके, जुने कपडे, रेट्रो गेम आणि खाण्याच्या टपऱ्या सगळं मिसळलेलं आहे. पर्यटक कमी असल्याने इथे जुन्या मालाला पाहायला निवांत वेळ मिळतो. जिब्ली पार्कचं तिकीट असेल तर भुयारी रेल्वेने फुजिगाओका आणि तिथून लिनिमो ही चुंबकीय रेल्वे धरा.

रेल्वे पासचा हिशोब करून टाका. सात दिवसांचा जेआर पास ऑक्टोबर २०२३ पासून ५०,००० येन झाला. क्योतो ते नागोया ते टोकियो हा प्रवास सुटी तिकिटं काढली तरी माणशी सतरा हजारांच्या आसपास होतो. पास घेऊ नका. तिकीट स्मार्ट-ईएक्स ॲपवर काढा आणि आसनं डी व ई मागा. त्या बाजूला दोनच आसनं असतात, आणि शिझुओका सोडल्यानंतर शिन-फुजी स्थानकाच्या आसपास फुजी पर्वत त्याच बाजूला दिसतो. हवा स्वच्छ हवी, सकाळी शक्यता जास्त. लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटीमीटरपेक्षा मोठी बॅग बरोबर असेल तर सामानाची जागा असलेलं आसन आधी राखावं लागतं, नाहीतर हजार येन पडतात.

टोकियो: खरी खरेदी

पहिला दिवस शिबुया. सकाळी मेइजी जिंगू हे देऊळ, तिथून हाराजुकु उतरत अकरा वाजता शिबुया पार्को मॉलचा सहावा मजला. निन्तेन्दो टोकियो, पोकेमॉन सेंटर, जंप शॉप आणि कॅपकॉम शेजारी-शेजारी आहेत. इथे सगळं नवं आणि छापील किमतीत. भाव पाहण्याची जागा ही नव्हे, फक्त इथेच मिळणाऱ्या वस्तू घ्या. सूर्यास्ताला शिबुया स्कायच्या गच्चीवर जायचं तर तिकीट आधी काढा, ती वेळ नेहमी आधी संपते.

दुसरा दिवस आसाकुसा आणि अकिहाबारा. सेन्सोजी मंदिर सकाळी लवकर करा. त्सुकुबा एक्स्प्रेसने आसाकुसाहून अकिहाबारा पाच मिनिटांवर आहे. ‘इलेक्ट्रिक टाऊन’ दाराने बाहेर आलात की समोर रेडिओ काइकान. दहा मजली इमारतीत फिगर, कार्डं आणि भाड्याच्या काचपेट्या आहेत. काचपेट्यांतल्या वस्तू वेगवेगळ्या व्यक्तींच्या असतात, म्हणून एकाच फिगरचे तीन भाव दिसतात. वरून खाली उतरत या, लिफ्टची वाट पाहण्यात वेळ जात नाही. मग मांदाराके कॉम्प्लेक्स: काळी, आठ मजली इमारत, प्रत्येक मजल्यावर वेगळा विषय. सुरुगाया आणि सुपर पोटॅटो ही जुन्या मालाची दुकानं त्याच परिसरात. सुपर पोटॅटोत जुने गेम बघण्यात फार आनंद आहे, पण भाव चढे असतात. त्याच गेम-कार्ट्रिजचा भाव नागोयात किंवा सुरुगायात काय होता ते तुमच्या यादीत बघा. स्थानकाच्या दुसऱ्या बाजूला योदोबाशी हे इलेक्ट्रॉनिक्सचं मोठं दुकान सकाळी साडेनऊपासून रात्री दहापर्यंत उघडं असतं. नवे गुंडाम किट तिथल्या सहाव्या मजल्यावर बऱ्याचदा छापील किमतीपेक्षा कमीत मिळतात. रविवारी दुपारी मुख्य रस्ता वाहनांना बंद असतो, चालायला छान, पण दुकानांत गर्दी. खरेदी आठवड्याच्या मधल्या वारी करा.

तिसरा दिवस चुओ रेल्वेवर. सकाळी जिब्ली म्युझियम, किचिजोजीहून इनोकाशिरा बागेतून चालत गेलात तर पंधरा-वीस मिनिटं. दुपारी परतताना नाकानो. स्थानकाच्या उत्तरेला सन मॉल नावाची छताखालची गल्ली, तिच्या टोकाला १९६६ साली बांधलेलं नाकानो ब्रॉडवे. मांदाराकेची सुरुवात इथेच झाली आणि आजही तिची कितीतरी छोटी दुकानं मजल्यामजल्यावर विखुरलेली आहेत: एक फक्त सेल चित्रांचं (ॲनिमेसाठी हाताने रंगवलेल्या मूळ पारदर्शक चित्रांचं), एक फक्त पत्र्याच्या जुन्या खेळण्यांचं. चौथ्या मजल्यावर लाल तोरींतून शिरायचं दुकान दिसेल. १९७०-८० च्या मालाची आवड असेल तर अकिहाबाराचा वेळ कमी करून इथे वाढवा. बाराच्या आत येऊ नका, शटर बंद असतात.

चौथा दिवस इकेबुकुरो. ‘ॲनिमेट’ या साखळीचं मुख्य दुकान, शेजारचा ओतोमे रोड, जिथे महिला चाहत्यांच्या आवडीच्या मालिकांची दुकानं आहेत, आणि सनशाइन सिटीत तीन हजारांहून जास्त यंत्रांचं गाशापोन दुकान. पाचवा दिवस मोकळा ठेवा. दुपारपर्यंत राहिलेल्या एक-दोन वस्तूंसाठी परत जा, नंतर पॅकिंग.

दुकानांच्या वाटा इतक्या अरुंद असतात की दोघांनी शेजारी उभं राहून चर्चा करणं जमत नाही. प्रत्येकाची यादी आणि प्रत्येकाचं बजेट वेगळं ठेवा, भेटायची वेळ आणि जागा ठरवा आणि दोन तास वेगळे फिरा. यादीत पात्राचं नाव जपानी लिपीत, कंपनी, प्रमाण आणि बाजूला फोटो असावा. फोटो दाखवला की विक्रेता थेट योग्य मजला सांगतो. दुकानात फोटो काढायला बहुधा मनाई असते.

वापरलेला माल कसा ओळखावा

१/७ प्रमाणाची (पात्राच्या उंचीच्या सातव्या हिश्श्याची) नवी फिगर साधारण पंधरा ते पंचवीस हजार येनला जाते. क्रेन गेममध्ये बक्षीस म्हणून येणारी ‘प्राइझ’ फिगर मात्र जुन्या दुकानात दीड ते तीन हजारांत मिळते, आणि आजकाल तिचा दर्जा चांगला असतो. म्हणून क्रेन गेमवर दोघांनी मिळून हजार येनची मर्यादा घाला. दहा डावांत नाही आली तर तीच फिगर शेजारच्या दुकानात शोधा. गाशापोन तीनशे ते पाचशे येनचं, शंभराची नाणी लागतात. आतून काय निघेल ते कळत नाही. पूर्ण संच हवा असेल तर अकिहाबारात उघडलेल्या गोळ्यांचे संच तयार मिळतात आणि स्वस्त पडतात.

चिठ्ठ्या वाचायला फोनचा भाषांतर-कॅमेरा पुरतो, पण चार शब्द कानावर असू द्यावेत. ‘शिम्पिन’ म्हणजे नवं, ‘चूको’ वापरलेलं, ‘मिकाइफू’ म्हणजे न उघडलेलं. ‘जंकु’ लिहिलं असेल तर वस्तू चालण्याची हमी नाही आणि परतही घेत नाहीत. ‘हाको इतामी’ म्हणजे फक्त खोकं चेपलेलं. खोकं जपून ठेवायचं नसेल तर हा सर्वांत फायद्याचा माल आहे: आतली फिगर तशीच, भाव मात्र बराच खाली.

उघडलेल्या फिगरमध्ये तीन गोष्टी बघा. पांढरे भाग पिवळे पडलेत का: हे उन्हाने होतं आणि निघत नाही. एका पायावर उभी असलेली फिगर पुढे कललीय का: उष्णतेने पीव्हीसी मऊ होऊन घोटा वाकतो. पृष्ठभाग चिकट लागतो का: बंद खोक्यात प्लास्टिकमधलं तेल वर येतं. ते कोमट साबणाच्या पाण्याने बहुधा जातं. शेवटी, बदलायचे हात, चेहरे आणि स्टँड सगळे आहेत का, हे खोक्यावरच्या फोटोशी ताडून पाहा.

गेमबाबत एक मोठा सापळा आहे. निन्तेन्दोच्या स्विच २ या गेम-यंत्राची, जून २०२५ मध्ये ४९,९८० येनला आलेली स्वस्त आवृत्ती फक्त जपानी भाषेत चालते आणि फक्त जपानमधलं निन्तेन्दो खातंच स्वीकारते. भारतीय खात्यासाठी बहुभाषिक आवृत्तीच हवी. ब्लू-रेचा विभाग जपानसाठी ए आणि भारतासाठी सी आहे, डीव्हीडीचा तिकडे दोन आणि इकडे पाच, म्हणून डिस्क घरच्या यंत्रावर बहुधा चालणार नाहीत. जपानी वीज १०० व्होल्टची. चार्जरवर ‘१००–२४०’ छापलेलं नसेल तर ते यंत्र भारतात थेट लावलं की जळतं.

शाकाहारी असाल तर

माशाच्या दाशीचा रस्सा जवळजवळ सगळ्यात असतो, अगदी भाजीच्या पदार्थातही. टोकियो स्थानकात फाटकाच्या आतलं टीज तानतान हे पूर्ण वनस्पतिजन्य रामेनसाठी, क्योतोत शोजिन र्योरी (बौद्ध मठांचं शाकाहारी जेवण) आणि युदोफु (गरम पाण्यातला टोफू). कोको इचिबान्याच्या बऱ्याच शाखांत प्राणिजन्य घटक नसलेला करी रस्सा वेगळा मागता येतो, नेहमीच्या रश्श्यात मांसाचा अंश असतो. दुपारच्या खरेदीच्या वेळी हॉटेल शोधत बसू नये म्हणून ठेपले, भडंग, बाकरवडी हाताशी असलेली बरी.

कर, पॅकिंग आणि कस्टम

जपानचा उपभोग कर १० टक्के, खाद्यपदार्थांवर ८. एका दुकानात एका दिवशी कर वगळून ५,००० येनची खरेदी झाली की पर्यटकांना करमाफी मिळते. मूळ पासपोर्ट लागतो, फोटो चालत नाही. ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंत दुकानातच कर वजा होतो. १ नोव्हेंबर २०२६ पासून पूर्ण रक्कम भरायची आणि परतताना विमानतळावर कस्टमने वस्तू बाहेर जात असल्याची नोंद केली की कर परत, अशी पद्धत आहे. म्हणजे त्यानंतर जाणाऱ्यांनी ही नोंद होईपर्यंत खरेदीची बॅग विमान कंपनीकडे सोपवू नये, आणि विमानतळावर नेहमीपेक्षा तासभर आधी पोहोचावं. करमाफीने घेतलेली वस्तू टपालाने पाठवण्याची सवलत एप्रिल २०२५ पासून बंद झाली आहे. टपालाने भारतात आलेल्या पार्सलला प्रवाशाच्या सामानाची सूटही लागत नाही. आपल्याबरोबर न्या.

जाताना एक मोठी बॅग दुसऱ्या मोठ्या बॅगेत घालून न्या. बुडबुड्यांचा प्लास्टिक कागद दाइसो या स्वस्त वस्तूंच्या दुकानात ११० येनला मिळतो. फिगर प्लास्टिकच्या साच्यातच राहू द्या, खोकं बॅगेच्या मधोमध आणि चारी बाजूंनी कपडे. मांगा तळाशी, चाकांच्या बाजूला. वीस खंड म्हणजे साडेतीन-चार किलो, हे धरून चला. सर्वांत महाग फिगर केबिन बॅगेत.

मॉडेल बांधणाऱ्यांनी लक्षात ठेवायचं: स्प्रे रंग, थिनर, लॅकर आणि पॅनेल लाइनची शाई ज्वलनशील आहेत. ती केबिनमध्ये नाहीत आणि खालच्या सामानातही नाहीत. निपर आणि चाकू खालच्या सामानात. पॉवर बँक उलट, फक्त केबिनमध्ये. नकली तलवारी आणि एअरगन घेऊच नका, भारतात उतरताना चौकशीत अडकता. अठरा वर्षांवरील मजल्यांवरची पुस्तकं आणि फिगरही नकोत, अश्लील साहित्याच्या आयातीला भारतात बंदी आहे.

ड्युटी-फ्री मर्यादा प्रत्येक प्रवाशासाठी वेगळी असते, निघण्याआधी चालू आकडा कस्टमच्या संकेतस्थळावर बघा. बिलं खरेदी करतानाच दोघांच्या नावांनी वेगळी होऊ द्या आणि ज्याची खरेदी त्याच्याच बॅगेत ठेवा. कागदी बिलं फिकट होतात, त्यांचे फोटो काढून ठेवा. वापरलेल्या फिगरचं बिल विशेष जपा, कारण अधिकारी इंटरनेटवर नव्या फिगरची किंमत बघतो आणि तुम्ही तिच्या अर्ध्याने घेतली आहे हे दाखवायला तोच एक कागद असतो. मर्यादेपेक्षा जास्त झालं असेल तर लाल मार्गाने जा आणि फरकावरचं शुल्क भरा.